भिंतीवरचं तवसं

मी कुठल्याही मंडळाचा सभासद होणारा माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सरकारी नोकरीत होतो तेव्हा कर्मचारी संघटनेत नव्हतो, निवृत्त झाल्यावर ज्येष्ठ नागरिकांच्या हास्यक्लबात गेलो नाही. दिल्लीतल्या मराठी मंडळात एकदाच गेलो. वडे संपून भाषणं सुरू झाली तेव्हा उठून आलो. मी फार शिकलेला नाही. मॅट्रिकनंतर जे शिकलो ते रद्दीच्या पुस्तकांतून आणि दुसऱ्यांच्या फायलींतून. त्यामुळे मला राग लवकर येतो आणि तो मी लिहून काढतो. दोन-तीन संपादक मला अक्षरावरून ओळखतात आणि छापत नाहीत. असा मी, बिया जपणाऱ्या हौशी बागवाल्यांच्या मंडळींत गुरगावात एका सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो. सतरंजी कुठली म्हणून विचारलं, तर पानिपतची. म्हणजे दिल्लीच्या बाजूला मराठी माणूस साधा बसला, तरी बसतो कुठे ते बघा.

याला कारण आमच्या स्वयंपाकघराची भिंत.

माझी बायको अलकनंदा राजापूरच्या खालची. लग्नात तिच्या आईने दागिन्यांबरोबर एक पुरचुंडी दिली होती, तिच्यात तवशाच्या बिया होत्या. तवसं म्हणजे कोकणातली थोराड काकडी. ती कोवळी खातात, जून झाली की किसून गूळ घालून तिचं धोंडस करतात, आणि एक वेलावरच पिवळं होऊ देतात, बियांसाठी. त्या बिया ठेवायची पद्धत अशी : शेण आणि राख कालवायची, त्यात बिया मिसळायच्या, लिंबाएवढा गोळा घ्यायचा, भिंतीवर थापायचा आणि अंगठ्याने दाबायचा. वर्षभर किड्यामुंगीची हिंमत होत नाही. कोकणात भिंत मातीची असते. आमची सरकारी क्वार्टरची होती, नंतर मयूर विहारच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटची झाली. अलकनंदाला फरक पडला नाही. शेण ती चिल्ला गावातून आणायची, राख कोपऱ्यावरच्या तंदूरवाल्याकडून. क्वार्टरला चुना मारायला माणसं आली की त्यांना सांगायची, "उतना छोड़ के मारो." भारत सरकारच्या बांधकाम खात्याने तेवढी भिंत सोडून चुना मारलेला मी पाहिला आहे. माझं ऐकून त्या खात्याने कधी नळाचा वायसर बदलला नाही.

ती उंच होती. माझ्यापेक्षा चांगली चार बोटं. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने तिला खुर्चीत बसवलं आणि मला मागे उभं केलं, म्हणून निभावलं. आम्ही देशावरचे, सोलापूरकडचे, आखूड लोक. माझी थोरली बहीण वृंदाअक्का तिला पहिल्या दिवसापासून 'माड' म्हणायची. अलकनंदा हसायची आणि गोळ्यांची रांग पार वर, झरोक्यापाशी सुरू करायची, कारण तिथे फोडणीची वाफ पोचत नाही. मग खाली खाली येत शेवटचा गोळा चहाच्या डब्याशी.

थंडीत ती गेली. आजारपणाचं सांगत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना ठाऊक आहे, ज्यांच्या घरात झालं नाही त्यांनी खुशाल राहावं. इस्पितळात ती म्हणाली, "अहो, जूनमध्ये भिंतीवरचं काढा. पेरा. विसरू नका."

मी म्हटलं, "तूच काढशील की."

यावर ती काही बोलली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या वाक्यावर तिने काहीच न बोलण्याची ती पहिली वेळ.

पुढे एकदा चहा उतू गेला म्हणून ओटा पुसत होतो, तेव्हा भिंतीकडे नीट पाहिलं. प्रत्येक गोळ्याला मध्ये खळगा होता, आणि खळग्यात अंगठ्याच्या रेषा. स्पष्ट, अगदी शाई लावून उठवल्यासारख्या. आता एक सरकारी गोष्ट सांगतो. पेन्शनवाल्याला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. मी समोर उभा राहून शिव्या दिल्या तरी खिडकीवरच्या माणसाला ते पटत नाही. काचेवर अंगठा ठेवला आणि यंत्राने ओळखला की पटतं. म्हणजे सरकारच्या लेखी अंगठा आहे तोवर माणूस आहे. त्या नियमाने आमच्या भिंतीवर पंधरा-वीस दाखले होते. मी ते कशाला काढू?

उल्का, आमची मुलगी, मानेसरला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत माणसं नेमायचं काम करते. ती रविवारी येते, फ्रिज उघडते, नाक मुरडते, बंद करते. तिने एकदा भिंतीकडे बघत विचारलं की जून जवळ आला, काढणार कधी. मी म्हटलं, राहू दे, भिंत कुठे पळून जातेय.

"बाबा, सीड्स काही कायम नाही टिकत. दोन-तीन वर्षं, बस. मग आतल्या आत मरतात आणि वरून कळत पण नाही," ती म्हणाली. मग फोन काढत, "मी तुमचं नाव दिलंय एका ग्रुपमध्ये. चलो."

ग्रुप म्हणजे ही मंडळी. गुरगावच्या एका बंगल्याच्या मागे जमतात. देशी वांगी, रानटी टोमॅटो, कुणाच्या आजोळची तूर, असलं घरच्या घरी लावायचं, बी धरायचं आणि एकमेकांना द्यायचं. प्रमुख होत्या चंद्रप्रभा माथुर, शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, इतक्या हळू बोलणाऱ्या की माणसाला आपोआप पुढे झुकावं लागतं आणि तो नम्र दिसू लागतो. नवीन सभासदाने गोलात बसून आपल्या बियाण्याची कहाणी सांगायची, अशी पद्धत. माझ्या शेजारी एक निवृत्त ब्रिगेडियर होते. त्यांनी पालमपूरच्या एका टोमॅटोची कहाणी सांगता सांगता डोळ्याला रुमाल लावला. मला संताप आला. मला बायको जाऊन पाच महिने झाले तरी रडू आलेलं नव्हतं, आणि हा फौजी माणूस टोमॅटोवर रडत होता.

माझी पाळी आली. मी सांगितलं, "कहानी नहीं है. बीज है. खीरे का."

तरीही त्यांनी मला घेतलं. अटी दोन. पहिली, बियाणं तीन घरांत असलं पाहिजे. एका घरात वेल मेला, माणूस मेला, तरी दुसऱ्या घरात उरतं. हे ऐकून माझं डोकं फिरलं. माझ्या बायकोचं बियाणं काय दाराशी वाटायची साखर आहे? पण उल्का बाजूला बसून माझ्या गुडघ्यावर हात ठेवून होती, म्हणून गिळलं. दुसरी अट, जूनच्या पहिल्या रविवारी मंडळींचे लोक घरी येऊन जागा बघणार, भिंत बघणार आणि गोळे कसे उतरवायचे ते दाखवणार. उभा जन्म मी दुसऱ्यांच्या तपासणीचे शेरे लिहिले. आता माझ्या स्वयंपाकघराची तपासणी.

जागेचंच घ्या. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली हातरुमालाएवढी माती होती, तिथेच अलकनंदा वेल लावायची. ती गेल्यानंतर सोसायटीने तिथे फरशा बसवून टाकल्या. अध्यक्ष श्याम बन्सल म्हणाले, कोई इस्तेमाल तो कर नहीं रहा था जी. मी अर्ज लिहिला. उत्तर आलं की फरशी काढायची परवानगी जिने बसवली ती समिती देईल. समिती म्हणाली, ठेकेदाराची हमी आहे, तो काढेल. ठेकेदार म्हणाला, मी बसवतो, काढत नाही. मी दुसरा अर्ज लिहिला, मुद्देसूद, तीन पानी, आणि त्यात बन्सल यांची तुलना एका ऐतिहासिक लुटारूशी केली. तो अर्ज त्यांनी सोसायटीच्या फलकावर लावला. लोक वाचून मला नमस्कार करू लागले, पण फरशी हलली नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर गुणवंतसिंग राहतात. अलकनंदाचा वेल दर वर्षी त्यांच्या बाल्कनीत चढायचा आणि वरची तवशी ते परस्पर खायचे, त्यावरून मी त्यांच्याशी अधूनमधून बोलणं बंद करायचो. मी तिसरा अर्ज लिहीत बसलो होतो तेव्हा खिडकीबाहेर ठण ठण आवाज आला. गुणवंतसिंग पहार घेऊन उकिडवे बसले होते.

"आप लिखते रहो दिनकर जी," ते म्हणाले, "मैं तब तक उखाड़ देता हूँ."

दोन फरशा निघाल्या. खाली तिचीच माती होती, काळी, चाळलेली. मी खिडकी लावून घेतली.

पाहुणे येणार आणि घरात बाई नाही, म्हणून उल्काने सोलापूरहून अक्काला बोलावून घेतलं. अक्का आता पंचाहत्तरीची आहे, गुडघे गेलेले आहेत, पण हातात काथ्या आला की ती पंचविशीची होते. आल्या दिवसापासून तिने डबे घासले, पडदे भिजवले, पंख्यांची पाती पुसायला मला स्टुलावर चढवलं. मी करू दिलं. भिंतीचं मात्र तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माडाचा विषय निघाला असता, आणि तो मला ऐकायचा नव्हता.

रविवारी सकाळी मी जाड पोहे आणायला लक्ष्मीनगरला गेलो. दिल्लीत पाहुण्यांपुढे समोसे ठेवतात. माझी तपासणी करायला येणाऱ्यांनी निदान माझ्या जातीचं खाऊन जावं, असा माझा विचार. पातळ पोहे जागोजाग होते, जाड मिळेनात, त्यात दुकानदाराने मला पोहे म्हणजे काय ते समजावून सांगितलं, त्यावर मी त्याला समजावून सांगितलं, आणि शेवटी जाड मिळाले तोवर मला उशीर झाला.

परत आलो तर स्वयंपाकघरातून सोड्याचा वास येत होता. अक्का कपाळावरचे केस मनगटाने मागे सारत उभी होती. भिंत ओली होती आणि पांढरी होती. तिच्या हातात उलथनं होतं.

"बघ," ती म्हणाली. "चार दिवस गप्प बसले, दिनू. गेलेल्या माणसाच्या स्वयंपाकघराला नावं ठेवू नयेत म्हणून. पण आज परकी माणसं येणार. शेण होतं रे भिंतीला. लोक काय म्हणतील तिला?"

लोक तिला काय म्हणतील. म्हणजे अक्काने ती भिंत अलकनंदाची अब्रू राखायला घासली होती. हे मला आज कळतं. त्या वेळी मी काय बोललो ते लिहीत नाही. मी पुष्कळ लोकांना पुष्कळ लिहिलं आहे, पण त्यातलं एक वाक्यही त्याच्या जवळपास जात नाही. अक्का न्हाणीघरात गेली आणि तिने आतून कडी लावली.

धुवण मोरीत गेलं होतं. खरवड कचऱ्याच्या डब्यात, आणि डबा कचरेवाल्याच्या गाडीत. गाडी कोपऱ्यावरच्या ढलावावर, म्हणजे कॉलनीचा कचरा जिथे ओततात त्या उघड्या खोलीत, रिकामी होत होती. मी धावलो. हातात पोह्यांची पिशवी तशीच. कचरेवाल्याने हात करून दाखवलं, मयूर विहारचा ढीग तो. मी लेंगा वर खोचला आणि आत शिरलो.

आता जून महिना. दिल्लीत जूनमध्ये घरोघर खरबूज खातात. आणि खरबुजाची बी आणि तवशाची बी यांत, देवाची शपथ, काडीचाही फरक नाही. तोच रंग, तोच आकार, तेवढीच निसरडी. मी शोधायला आलो होतो मूठभर बिया, आणि त्या ढिगात बिया हजारोंनी होत्या. जिथे हात घालावा तिथे बी. मी राख लागलेली म्हणून एक उचलली, तर ती सिगारेटची राख. गुणवंतसिंग वरून बघून खाली आले, पगडी सावरत माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि एकेक बी चिमटीत धरून विचारू लागले, "ये वाली? ये वाली?" मी काय सांगणार. मी प्रत्येक बीला मान हलवत होतो. कधी हो, कधी नाही. बन्सल आले, नाकाला रुमाल लावून म्हणाले, गीला-सूखा अलग कर रहे हो जी, बहुत अच्छे, ऐसी जागरूकता सब में आए.

त्यांच्या मागे मंडळी उभी होती. चंद्रप्रभा माथुर, सुती साडीत. ब्रिगेडियर. उल्का, तोंडावर हात घेतलेली. बन्सल यांनी त्यांना सौजन्याने इथपर्यंत पोचवलं होतं. माझ्या हातात खरबुजाच्या बिया, कोपरापर्यंत कचरा, आणि पायाशी जाड पोहे सांडलेले. माझ्या तोंडून हिंदी निघेना, इंग्रजी निघेना. मी मराठीत म्हणालो, "गेल्या. सगळ्या गेल्या."

ब्रिगेडियरना मराठी येत नाही. त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि आत यायला लागले. मला त्या माणसाचा टोमॅटोही एकदम पटला. पण चंद्रप्रभाबाईंनी त्यांना थांबवलं. घरी चला, म्हणाल्या.

घरी आलो. मी हात धुतले. न्हाणीघराची कडी तशीच होती. चंद्रप्रभाबाई स्वयंपाकघरात गेल्या, पांढऱ्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या, चष्मा लावला आणि मान वर करत करत पार मागे नेली.

"ऊपर एक है," त्या म्हणाल्या.

झरोक्यापाशी, अगदी कडेला, एक गोळा होता. अक्काचा हात उलथन्यासकट तिथे पोचला नव्हता. गुडघ्यांमुळे स्टुलावर चढणं तिला बंद आहे. आमच्या अख्ख्या आखूड खानदानात तिथे कुणाचाच हात पोचला नसता.

मी स्टुलावर चढलो. चंद्रप्रभाबाई दुसऱ्या स्टुलावर चढल्या आणि जवळून बघितलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अँगूठा उनका है?" मी मान हलवली. त्या आणखी हळू बोलल्या, इतकं की मला कान पुढे करावा लागला. बिया काढायच्या तर गोळा भिजवावा लागेल, तो विरघळेल. नाही काढला तर असाच राहील, पुष्कळ वर्षं. बी मात्र आत जिवंत राहणार नाही. मंडळींचं काही म्हणणं नाही, तुम्ही ठरवा. कुणीतरी दारातून फोटो काढून ठेवायचं सुचवलं. त्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

न्हाणीघराचं दार उघडलं. अक्का भिंतीला धरत आली, सगळ्यांमधून पुढे आली आणि वर बघितलं. तिचे डोळे लाल झाले होते.

"दिनू, राहू दे ते," ती म्हणाली. "मी सगळं घालवलं. एवढं तरी ठेव. मी पाया पडते तुझ्या."

पंचाहत्तरीची थोरली बहीण पाठच्या भावाच्या पाया पडते म्हणाली. आणि तिचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य होतं. मला तेच हवं होतं. पण अलकनंदाने मला एकच काम सांगितलं होतं, आणि त्यावर मी तिला 'तूच काढशील की' म्हटलं होतं.

मी नखाने कड सोडवली. गोळा सहज सुटला, हलका होता, वाळक्या भाकरीच्या तुकड्यासारखा. वाटीत कोमट पाणी घेतलं आणि अंगठा वर येईल असा त्यात ठेवला. आम्ही सगळे ओट्याभोवती उभे राहून बघत होतो, चहा उकळायची वाट बघतात तसे. आधी कडा सुटल्या. मग बुडबुडे आले. रेषा बराच वेळ टिकल्या, मला वाटलं आता जाणारच नाहीत. आणि मग पाणी गढूळ झालं आणि काही दिसेना. चंद्रप्रभाबाईंनी बोटाने तळ चाचपला आणि एक बी बाहेर काढून माझ्या तळव्यावर ठेवली. मग दुसरी. सात-आठ निघाल्या. तेव्हा मी रडलो. ब्रिगेडियरसमोर रडलो, आणि त्यांनी मला स्वतःचा रुमाल दिला, जो आधीच ओला होता.

पुढचं थोडक्यात. तीन बिया उगवल्या. एक रोप खारीने नेलं. एक सोसायटीच्या माळ्याने गवत म्हणून उपटलं, त्यावर माझा अर्ज अजून प्रलंबित आहे. उरलेला वेल गुणवंतसिंगांच्या बाल्कनीत चढला. दोन तवशी धरली. एक त्यांनी खाल्लं, या वेळी विचारून. दुसरं वेलावर ठेवलं, तर सगळी कॉलनी सल्ला द्यायला आली : तोडा, जून होतंय, पिवळं पडतंय, वाया जाईल. तीनदा लोकांनी माझ्या भल्यासाठी ते तोडायचा प्रयत्न केला. शेवटी अक्का खिडकीशी खुर्ची टाकून बसायला लागली. ती सोलापूरला परत गेलीच नव्हती. आमच्यात त्या दिवसाबद्दल बोलणं झालं नाही. ती सकाळी मला चहा देते, मी कप विसळतो.

दसऱ्याच्या सुमाराला तवसं तांब्याच्या रंगाचं झालं. बिया धुतल्या, सावलीत वाळवल्या, तीन वाटे केले. एक चंद्रप्रभाबाईंना, एक वरच्या मजल्यावर, एक आम्हाला. चिल्ला गावातून मीच शेण आणलं, राख तंदूरवाल्याने दिली. तो म्हणाला, भाभीजी हर साल आती थीं, इस बार देर हुई. मी राखेची पिशवी बांधून घेतली.

गोळे मी केले. भिंतीवर थापले आणि दाबले. सगळे पडले. पुन्हा केले, पुन्हा पडले. अक्का मागे उभी होती. तिने मला हाताने बाजूला केलं, गोळा घेतला, पाण्याचा हात फिरवला, भिंतीवर ठेवला आणि अंगठ्याने दाबून, मनात काही म्हणत असावी तितका वेळ, तसाच धरून ठेवला. तो राहिला. मग दुसरा राहिला.

आता रांग आहे. खळगे रुंद आहेत, आखूड आहेत, डाव्या बाजूला एक चीर आहे, ती अक्काला लहानपणी विळी लागली होती तिची. रांग चहाच्या डब्यापासून सुरू होते आणि माझ्या कपाळाशी संपते. त्याच्या वर झरोक्यापर्यंत भिंत पांढरी स्वच्छ आहे. तिथे वाफ पोचत नाही, जागा चांगली आहे. स्टूल घेतलं तर तिथेही लावता येतील, असं उल्का म्हणाली. अक्का आणि मी, दोघांनीही ते ऐकलं नाहीसं केलं.